चरीचा 'संप'

'संप' हा शब्द मुळात एकोप्याचा वाचक. काम बंद ठेवणे हा अर्थ त्यास पुढे चिकटला. 1933 साली तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी (येथे 'कूळ' म्हणजे वंश नव्हे, परक्याची जमीन कसणारा) खोतांची शेते न कसण्याचे ठरविले, तेव्हा गिरण्यांतला हा शब्द भातखाचरांत उतरला. खाचर ओसाड ठेवणे म्हणजे आपलेच ताट रिते ठेवणे, हे ती जाणून होती. तरीही लाकूडफाटा व मासळी यांवर निर्वाह करून त्यांनी हा संप 1939 पर्यंत चालविला. केवळ खंडात सूट मिळावी म्हणून कोणी इतका उपास काढीत नाही, असे मला वाटते. जमिनीशी आपले नाते कोणते, हा त्यांचा प्रश्न होता. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा मात्र 1949 चा.