भयानक मुखवट्याची घडण : रंग आणि प्रकाश

मुखवटा भेसूर कशामुळे दिसतो, हा प्रश्न वरवर बालिश वाटला, तरी त्याचे उत्तर नाट्यशास्त्र आणि कारागिरी या दोहोंच्या सीमेवर सापडते. सातारा जिल्ह्यातील पाल येथे खंडोबा व म्हाळसा यांचे मुखवटे यात्रेत मिरवितात. भक्ताने जवळ येऊन दर्शन घ्यावे, हा त्यांचा हेतू होय. राक्षसाच्या मुखवट्याचा हेतू याच्या नेमका उलट, म्हणजे पाहणाराने मागे सरावे, असा असतो.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या परंपरेतील राक्षसपात्रे तोंडे रंगवून, तलवारी परजीत, आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर येत. पुढील काळातील सुशिक्षितांनी ‘अलल्डुर्र’ म्हणून या नाटकांची थट्टा केली. परंतु ती रंगभूषा दिवट्यांच्या हलत्या उजेडासाठी होती. झगझगीत प्रकाशात तिला भडक ठरविणे न्याय्य नव्हे.

भरताने रौद्ररसाचा वर्ण रक्त आणि भयानकाचा कृष्ण सांगितला आहे. राक्षस स्वतः भ्यालेला नसतो, तो क्रुद्ध असतो. भय उपजते ते प्रेक्षकाच्या मनात. कारागिराने या भेदाचा उपयोग असा करावा, की कपाळ, गाल व हनुवटी यांचे उंचवटे लाल आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या असाव्यात.

जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे वापरतात. घरी करावयाचा झाल्यास शाडूच्या साच्यावर पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा द्यावा, म्हणजे मुखवटा साच्याला चिकटत नाही. त्यावर खळ लावलेल्या कागदाचे सहा-सात थर चढवावेत. तो सावलीत वाळवावा. उन्हात तो वाकडा होतो. नंतर खडूची भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवून अस्तर द्यावे व मग रंगवावे. पाहण्यासाठी भोके रंगविलेल्या डोळ्यांच्या खाली, गालाच्या सुरकुतीत ठेवावीत. त्यामुळे धारण करणाराची नजर लपते आणि न लवणारे रंगीत डोळेच तेवढे उरतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रकाशाची. नेहमीचा उजेड वरून येतो व भुवयांखाली सावली पडते. दिवा खाली ठेवला की ही सावली नाहीशी होऊन भुवयांच्या वर जाते आणि ओळखीचा चेहरा अनोळखी होतो. मात्र रंगविलेली काळी खोबण दोन्ही प्रकाशांत टिकते.

स्नेहसंमेलनातील ‘भूतबंगल्या’साठी मुखवटा करणारे विद्यार्थी बहुधा सुळे व रक्ताचे ओघळ यांची गर्दी करतात. अंधारात त्यांतील काहीच दिसत नाही. म्हणून ज्या दिव्यापुढे मुखवटा यावयाचा, त्याच दिव्यापुढे, वीस पावलांवरून पाहत तो रंगवावा. सांगलीच्या त्या राक्षसांविषयी मत बनवितानाही हीच कसोटी लावणे उचित होईल.