जावा व्हर्च्युअल मशीनमधील स्मृती-व्यवस्थापन व गार्बेज कलेक्शन

प्रस्तावना :
सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास आवश्यक स्मृती स्वतः मागून घ्यावी लागते आणि काम संपल्यावर ती स्वतःच मुक्त करावी लागते. मुक्त करण्याचे राहून गेल्यास स्मृती वाया जाते. वेळेपूर्वी मुक्त केल्यास प्रोग्रॅम चुकीची माहिती वाचू शकतो. ही जबाबदारी यंत्रणेकडे सोपविण्याची पद्धत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरील १९६० च्या शोधनिबंधात मांडली. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या जावा भाषेमुळे तिचा व्यापक प्रसार झाला. मात्र त्यातूनच ‘जावामध्ये स्मृतीची चिंता नको’ असा समज विद्यार्थ्यांमध्ये निर्माण होतो. तो कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्मृतीची विभागणी :
प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र स्टॅक असतो. मेथडमधील स्थानिक चल तेथे राहतात व मेथड संपताच ती जागा आपोआप मोकळी होते. ऑब्जेक्ट मात्र सर्व थ्रेडना सामाईक असलेल्या ‘हीप’मध्ये ठेवले जातात. गार्बेज कलेक्टरचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने हेच आहे.

निरुपयोगी ऑब्जेक्टची ओळख :
स्टॅकवरील चल, स्टॅटिक चल इत्यादींना ‘मूळ’ मानून कलेक्टर त्यांच्यापासून निघणारे संदर्भ तपासत जातो. ज्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचता येते ते जिवंत, उरलेले कचरा. दोन ऑब्जेक्ट केवळ परस्परांकडे निर्देश करीत असतील, तरी मुळापासून मार्ग नसल्यास दोन्ही काढले जातात. केवळ संदर्भांची संख्या मोजणाऱ्या पद्धतीस हे साधत नाही.

पिढ्यांची संकल्पना :
बहुतेक ऑब्जेक्ट अल्पायुषी असतात, या निरीक्षणावर हॉटस्पॉट व्हर्च्युअल मशीनची पारंपरिक रचना आधारलेली आहे. नवे ऑब्जेक्ट सामान्यतः ‘ईडन’ विभागात निर्माण होतात. तो भरला की जिवंत ऑब्जेक्ट ‘सर्व्हायव्हर’ विभागात हलविले जातात आणि अनेक फेऱ्यांतून टिकलेले ऑब्जेक्ट जुन्या पिढीत जातात. त्यामुळे प्रत्येक वेळी संपूर्ण हीप तपासावा लागत नाही.

या कामासाठी प्रोग्रॅम काही काळ थांबवावा लागतो. हे थांबे कमी करणे, हा नंतरच्या संशोधनाचा मुख्य हेतू राहिला. जावा ९ (२०१७) मध्ये सर्व्हरसाठी मूलभूत ठरलेला जी-वन कलेक्टर हीपचे समान आकाराचे लहान भाग पाडतो व २०० मिलिसेकंदांच्या थांब्याचे लक्ष्य ठेवतो. जावा १५ (२०२०) पासून प्रत्यक्ष वापरासाठी मान्य झालेला झेड-जीसी बहुतांश काम प्रोग्रॅम चालू असतानाच करतो.

मर्यादा :
‘पोहोचता येणारे’ आणि ‘आवश्यक असलेले’ हे दोन गुणधर्म भिन्न आहेत. कलेक्टरला केवळ पहिला कळतो. समजा, निकालाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद एका स्टॅटिक मॅपमध्ये ठेवली आणि निकाल छापल्यावरही ती काढली नाही. स्टॅटिक चल हे मूळ असल्याने या सर्व नोंदी जिवंतच ठरतात. हीप भरत जातो, कलेक्टर वारंवार धावतो आणि शेवटी ‘आउटऑफमेमरी’ ही त्रुटी येते. अशा वेळी हीपचा आकार वाढविल्यास ही त्रुटी केवळ लांबणीवर पडते.

निष्कर्ष :
गार्बेज कलेक्शनमुळे स्मृती मुक्त करण्याचे श्रम वाचतात. संदर्भ केव्हा सोडावा, हा निर्णय मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडेच राहतो. जावाच्या अध्यापनात कलेक्टरच्या प्रकारांची यादी देण्यापूर्वी हा भेद प्रात्यक्षिकातून दाखविणे अधिक उपयुक्त ठरेल.