कार्बन फ्रेमची सायकल : जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

दुकानात दोन कार्बन फ्रेम शेजारी टांगलेल्या असतात. दिसायला जुळ्या, पण एकीची किंमत दुसरीच्या दुप्पट. दुकानदार म्हणतो, "ही हाय मॉड्युलसची आहे." म्हणजे काय, ते आधी बघू.

कार्बनचा धागा बहुधा पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून बनतो. तो ऑक्सिजनशिवाय हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवला की मुख्यतः कार्बन उरतो. अजून तापवला तर धागा आणखी ताठ होतो. या ताठपणाचं माप म्हणजे मॉड्युलस. जपानच्या तोरे कंपनीच्या टी 700 धाग्याचा मॉड्युलस 230 गिगापास्कल आहे, एम 40 जे या धाग्याचा 377. धागा जितका ताठ, तितके कमी थर लावून काम भागतं आणि फ्रेम हलकी होते. पण गंमत अशी की हा ताठ धागा कमी ताणात तुटतो. त्यामुळे अख्खी फ्रेम त्याची करता येत नाही. जिथे दणके बसतात तिथे साधाच धागा घालावा लागतो. म्हणजे स्टिकरवर लिहिलेला धागा फ्रेममध्ये किती आहे, हे स्टिकर सांगत नाही! शिवाय पट्ट्या साच्यात हाताने, ठरलेल्या दिशेने बसवतात. फ्रेमचा बराचसा गुण या मांडणीत असतो आणि पैशांचा मोठा भाग या मजुरीत जातो.

आता हिशोब करा. समजा, महागड्या फ्रेमने 300 ग्रॅम वाचले. तुमचं वजन 65 किलो, सायकल 8 किलो, एकूण 73. बचत झाली साधारण 0.4 टक्के. चढावर वेग कमी, म्हणून हवेचा अडथळाही कमी. तिथे वेळ जवळपास वजनाच्या प्रमाणात लागतो. म्हणजे 40 मिनिटांच्या घाटात फायदा झाला अवघ्या दहा सेकंदांचा. सपाट रस्त्यावर तर एवढ्या वजनाचा फरक जाणवतही नाही, कारण तिथे खरी झुंज हवेशी, आणि हवा अडवतं मुख्यतः आपलंच शरीर.

स्पर्धकाला दहा सेकंद पुष्कळ झाले, हे मान्य. पण त्यांनाही मर्यादा आहेच : आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार रोड शर्यतीतली सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी चालत नाही.

रविवारी घाट चढणाऱ्याने मात्र मधल्या किमतीची फ्रेम घ्यावी आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर, असं माझं मत. घेताना एवढं नक्की विचारा : पडून आतले थर सुटले तर ते वरून दिसत नाहीत, मग तपासणी कोण करून देणार?