स्टेटमेंट अडलं तो मंगळवार

सकाळी ८.३० : शाखा उघडण्याआधी रात्रीचा लॉग पाहतो. आमच्या सहकारी बँकेत व्याज, कर्जाचे हप्ते, दिवसअखेर हे सगळं स्टोअर्ड प्रोसिजर करतात. डेटाबेसमध्येच साठवलेले आणि नावानं हाक दिली की चालणारे हे प्रोग्राम. लॉग स्वच्छ.

१०.१५ : "सर, स्टेटमेंट निघेना. काउंटरवर रांग लागलीय." काल हीच प्रोसिजर क्षणात चालत होती आणि कोडला कुणी हात लावलेला नाही. रात्री टेबलाची आकडेवारी ताजी झाली, त्यामुळे जुना एक्झिक्यूशन प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा, बाद झाला. सकाळी पहिलं स्टेटमेंट मागितलं साखर कारखान्याच्या खात्यानं. नोंदी लाखांत. एसक्यूएल सर्व्हर पहिल्या कॉलचा पॅरामीटर बघून प्लॅन ठरवतो, म्हणून त्यानं अख्खं टेबल वाचायचं ठरवलं. कारखान्यासाठी ते बरोबरच. पण तोच प्लॅन पुढे पेन्शनवाल्या आजोबांच्या चार नोंदींनाही लागला. याला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात. मुख्य कार्यालयाचा सल्ला ठरलेला : सर्व्हर रीस्टार्ट करा. त्यानं सगळेच प्लॅन पुसले जातील. मी त्या एकाच प्रोसिजरचा प्लॅन काढून टाकला, रांग सरकली. कायमचा इलाज म्हणजे त्या क्वेरीला दर वेळी नवा प्लॅन करायला सांगणं. सीपीयू थोडा जास्त खर्च होईल, होऊ दे.

१२.३० : नव्या सहकारी मुलीचा कोड तपासला. ग्राहकाचं नाव स्ट्रिंगमध्ये जोडून ती क्वेरी चालवली होती. "प्रोसिजरमध्ये आहे, मग इंजेक्शनची भीती कशाला?" भीती तेवढीच : नावाच्या जागी कुणी एसक्यूएल आज्ञा टाकली तर तीही चालेल. नाव पॅरामीटर म्हणूनच गेलं पाहिजे.

३.०० : ऑडिटर. खात्यांच्या टेबलाला कोण हात लावू शकतो? शाखेच्या लॉगिनला टेबलावर हक्कच नाही, फक्त प्रोसिजर चालवायची परवानगी. नावे-जमा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. ॲप्लिकेशनवाल्यांची तक्रार असते की प्रोसिजरची चाचणी अवघड आणि डेटाबेस बदलला तर सगळं पुन्हा लिहा. खरं आहे. अहवाल, स्क्रीन त्यांनी खुशाल स्वतःकडे ठेवावेत. पैसे हलतात तिथे मी ऐकत नाही.

६.०० : शाखा बंद झाल्यावर स्टेटमेंटच्या क्वेरीची दुरुस्ती चढवली, गिटमध्ये नोंदवून.

रात्री ८.०० : दिवसअखेर. आजच्या शिल्लकेवरचं व्याज यातच मोजलं जातं. बचत खात्याचं व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मिळायचं. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर मिळतं. पासबुकात व्याजाची एकच ओळ उमटते, तिच्यामागे तिमाहीतला एकेक दिवस मोजलेला असतो. एकदा स्वतः हिशेब करून पाहा.