भरलेल्या टाकीचा रिकामा काटा

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार करणाऱ्या हौशी मंडळींच्या तक्रारींचे दप्तर कोणी उघडून बसले, तर त्यात एक कैफियत पुनःपुन्हा नोंदलेली आढळेल. गाडी वर्षानुवर्षे शेडमध्ये धूळ खात पडलेली होती, तिचा पत्रा गंजलेला होता, गाद्या उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, तरीही पेट्रोलचा काटा कसाबसा का होईना आपले काम करीत होता. आणि तीच गाडी डेन्टिंग-पेन्टिंग होऊन, नवी टाकी बसवून, आरशासारखी लखलखीत होऊन बाहेर पडली, त्याच दिवशी त्या काट्याने मान टाकली. मालक पेट्रोलपंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरतो, चावी फिरवतो, आणि काटा रिकाम्याच्या खुणेवरून तसूभरही हलत नाही. मग टाकीतील यंत्र सदोष ठरते, नवे मागवले जाते, बसवले जाते, आणि काटा पूर्ववत निश्चल राहतो. या प्रकारात बहुतेक वेळा दोष त्या यंत्राचा नसून जीर्णोद्धाराच्या परिपूर्णतेचा असतो, हे विधान वरकरणी विचित्र वाटले तरी अक्षरशः खरे आहे.

उदाहरणादाखल फोर्ड कंपनीची मस्टँग घेऊ. 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही मोटार लोकांसमोर आली, आणि अमेरिकेत आज ज्या जुन्या गाड्या हौसेने दुरुस्त केल्या जातात त्यांत पहिल्या पिढीच्या मस्टँगची गणना अग्रभागी होते. तिची टाकी सोळा अमेरिकन गॅलनांची, म्हणजे सुमारे साठ लिटरांची. आणि तिची बैठक अशी की डिकीच्या तळाला पाडलेल्या मोठ्या चौकोनी भोकात ती वरून सोडलेली असून तिचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन होते. टाकीच्या कडेने काढलेली पट्टी डिकीच्या पत्र्यावर टेकते आणि तिच्यातून सभोवार स्क्रू आवळलेले असतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही रचना मला कधीच पसंत पडलेली नाही, कारण डिकीतील सामान आणि पेट्रोल यांच्यामध्ये केवळ एका पत्र्याचे अंतर राहते. परंतु तो विषय वेगळा. आपल्याला प्रयोजन आहे ते त्या स्क्रूंशी.

पेट्रोलचा काटा पेट्रोल मोजत नाही, तो विद्युत्प्रवाह मोजतो. टाकीच्या पुढच्या अंगाला एक वाटोळे छिद्र असते आणि त्यातून आत सोडलेल्या साधनाला मोटारींच्या ग्रंथांत ‘सेंडिंग युनिट’ म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘फ्लोट’ म्हटले की मिस्त्रीला कळते. त्याच्या लांब तारेच्या हाताला टोकाशी पितळेचा पोकळ तरंगता डबा असतो, आणि दुसऱ्या टोकाशी एक लहानशी पट्टी, जी बारीक रोधक तारेच्या वेटोळ्यांवरून सरकते. पेट्रोलबरोबर डबा वर चढला की पट्टी एका बाजूला सरकते, उतरला की दुसऱ्या बाजूला. आणि त्या सरकण्याने वाटेतला रोध कमी-अधिक होतो. मस्टँगमध्ये टाकी रिकामी असता हा रोध सुमारे 73 ओहम आणि भरलेली असता सुमारे 10 ओहम असतो. डॅशबोर्डावरील काट्यामागे द्विधातूची एक पट्टी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली तार असते. प्रवाह वाढला की तार तापते, पट्टी वाकते, काटा पूर्णाकडे झुकतो. वाटेतल्या खाचखळग्यांनी पेट्रोल कितीही डचमळले तरी काटा थरथरत नाही, याचे श्रेय या तापण्या-निवण्याच्या सावकाशीला द्यावयाचे.

माणसाने मोटारीत काटा बसवण्यापूर्वीही पेट्रोल मोजले जात होतेच. फोर्डच्या मॉडेल टीची टाकी बैठकीखाली असे, आणि बैठक उचलून टाकीत काठी बुडवणे हाच तिचा हिशेब. फोक्सवॅगन बीटलला तर 1960 नंतरही काही काळ काटा नव्हता. मुख्य साठा संपून इंजिन अडखळू लागले की चालकाने पायाजवळचा कॉक फिरवून राखीव पेट्रोल चालू करावे, अशी व्यवस्था होती. आपल्याकडे स्कूटरवर वाढलेल्या पिढीला ‘रिझर्व्हला लागली’ या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह चावीतून, काट्यातून आणि मग एका तारेने मागे टाकीपाशी येतो, ही निम्मी कथा झाली. जो प्रवाह निघाला त्याला बॅटरीकडे परत जाण्याची वाट मिळाल्याविना तो निघूच शकत नाही. घरातील दिव्याला दोन तारा लागतात. मोटार बांधणाऱ्यांनी मात्र दुसऱ्या तारेचे तांबे वाचवून गाडीच्या पोलादी अंगालाच त्या तारेची मुखत्यारी देऊन टाकली. बॅटरीचे एक अग्र सरळ सांगाड्याला जोडलेले असते. अमेरिकन गाड्यांत मस्टँगच्या काळापर्यंत ऋण अग्र रूढ झाले होते, तर कित्येक ब्रिटिश गाड्यांत साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत धन अग्र जोडलेले असे. मस्टँगच्या फ्लोटमधून बाहेर पडलेला प्रवाह आधी त्याच्या बैठकीच्या चकतीत, चकती आवळणाऱ्या कड्यातून टाकीच्या पत्र्यात, टाकीच्या कडेच्या स्क्रूंतून डिकीच्या पत्र्यात, आणि तेथून गाडीभर प्रवास करून बॅटरीत परततो. या परतीच्या वाटेलाच आपले वायरमन ‘अर्थ’ म्हणतात, आणि ती कोणत्याही नकाशात ठळक रेषेने दाखवलेली नसल्यामुळे तिचा बंदोबस्त ठेवण्याचे कोणाच्या ध्यानीमनी येत नाही.

जीर्णोद्धार करणारा कसबी मनुष्य काय करतो ते या दृष्टीने पाहावे. तो टाकी घासून तिला गंजरोधक रंगाचे दोन हात देतो. डिकीचा पत्रा प्रायमरने आणि त्यावर रंगाने मढवतो. पाणी शिरू नये म्हणून कडेच्या पट्टीखाली सीलंटचा जाड थर भरतो. गंजलेले जुने स्क्रू फेकून रंगवलेले नवे लावतो. फ्लोटच्या चकतीखाली मुळातच रबरी पॅकिंग असते, आणि टाकीची नळी पुढच्या धातूच्या नळीला जेथे मिळते तेथेही रबराचाच तुकडा असतो. रंग, सीलंट, रबर ही तिन्ही विजेला अटकाव करणारी. तेव्हा त्या सज्जनाने प्रत्येक पायरी निष्ठेने पार पाडत टाकीला गाडीपासून, विजेच्या दृष्टीने, पुरते वाळीत टाकलेले असते. जुन्या गंजक्या गाडीत निदान एखादा स्क्रू तरी पत्र्यात दात रोवून बसलेला होता.

वाट पूर्ण तुटली तर मस्टँगचा काटा रिकाम्यावर पडून राहतो. अर्धवट तुटली, म्हणजे रंगाच्या एखाद्या ओरखड्यातून थोडा प्रवाह निसटत राहिला, तर दोष अधिक फसवा होतो. समजा, त्या खराब सांध्याने 10 ओहमांचा जादा रोध वाटेत घातला. टाकी रिकामी असता 73 चे 83 होतात, फरक फारसा जाणवत नाही. परंतु टाकी भरलेली असता 10 चे 20 होतात, म्हणजे रोध दुप्पट! म्हणूनच ‘टाकी कितीही भरा, काटा पाऊणच्या वर चढत नाही’ ही तक्रार ऐकली की अनुभवी मिस्त्री आधी अर्थ तपासतो.

जनरल मोटर्सच्या गाड्यांत मात्र हाच दोष नेमका उलट बोलतो. 1928 पासून ज्या कंपनीने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना चालवला, तिने साठीच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या शेव्हरोलेंत रिकाम्याला शून्य आणि पूर्णाला 90 ओहम असा क्रम ठेवला होता; तेथे अर्थ सुटला की काटा पूर्णाच्याही पलीकडे जाऊन टेकतो. फोर्डची खोटी साक्ष मालकाला विनाकारण पेट्रोलपंपावर पाठवते, शेव्हरोलेची त्याला भर रस्त्यात उभे करते. एका घराण्याचा फ्लोट दुसऱ्याच्या काट्याला जोडला तर काटा उलटाच चालेल, हेही यावरून उघड आहे. आणि बाजारात मिळणाऱ्या स्वतंत्र काट्यांचे प्रमाण पुन्हा निराळे, उदाहरणार्थ रिकाम्याला 240 आणि पूर्णाला 33 ओहम.

तपासणीला फार सामग्री लागत नाही. मस्टँगमध्ये इंधनाचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच पूर्णाकडे धावत असतील तर टाकीकडे जाण्याचे कारणच नाही. डॅशबोर्डामागे बारा व्होल्टांचे सरासरी पाच व्होल्ट करणारा जो नियामक असतो, त्याचाच अर्थ सुटलेला असण्याचा संभव मोठा. एकटाच इंधनाचा काटा पडलेला असेल, तर चावी बंद ठेवून फ्लोटची तार काढावी आणि 10 ओहमांचा एक रोधक मध्ये घालून ती सांगाड्याच्या उघड्या धातूला लावावी. चावी चालू करताच काटा सावकाश पूर्णावर चढला, तर काटा आणि तार दोन्ही निर्दोष. तार नुसती सांगाड्याला टेकवून ठेवण्याची सवय वाईट, कारण काट्यातील नाजूक तार जादा प्रवाहाने जळू शकते. मग तार पुन्हा फ्लोटला जोडून, फ्लोटच्या चकतीपासून सांगाड्यापर्यंत एक तात्पुरती तार चिमट्यांनी लावावी. काटा उठला, तर नवा फ्लोट आणण्याचा खर्च वाचला.

फ्लोट खरोखरच बिघडलेला असेल, तर तो बदलण्याच्या कामात विजेपेक्षा आगीचे भय मोठे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीसरशी पसरते, खड्ड्यात साचते, आणि दूरवरच्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. नुकतीच रिकामी केलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा निरुपद्रवी असते हा समज घातक आहे, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. म्हणून काम उघड्यावर करावे, प्रथम बॅटरीची अर्थची केबल सोडावी, आणि जवळ अग्निशामक असावा. मस्टँगचा फ्लोट टाकीच्या पुढच्या भिंतीत असल्याने पेट्रोल आधी उपसावेच लागते, नाहीतर ते अंगावर येते. आवळणारे कडे लोखंडी छिन्नीने ठोकू नये. पितळेचा गज किंवा लाकडाचा ठोकळा लावून हलके ठोके दिले की ते फिरते आणि ठिणगी उडत नाही.

बाहेर काढलेला जुना फ्लोट टाकून देण्यापूर्वी जरा न्याहाळावा. पितळी डब्याची डाकाची शिवण उकललेली असेल, तर त्यात पेट्रोल शिरून तो बुडतो आणि काटा रिकामा दाखवतो. कानाशी धरून हलवला तर आतले पेट्रोल खळखळते, आणि गरम पाण्यात दाबून धरला तर शिवणीतून बुडबुडे येतात. अशा वेळी केवळ डबा बदलून भागते. रोधक तारेवर सरकपट्टीने वर्षानुवर्षे एकच माग घासून काढलेला असतो, आणि टाकी बहुतेक अर्धीच ठेवणाऱ्या मालकाच्या गाडीत तो मधल्या भागात सर्वांत खोल असतो. नवा फ्लोटही डोळे झाकून बसवू नये. मीटर लावून हात सावकाश वरखाली करावा. आकडा 73 च्या आसपासून 10 च्या आसपास अखंड उतरला पाहिजे, मध्येच उडी मारता कामा नये.

पॅकिंग नेहमी नवे घालावे. आणि मग ज्या कामाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते ते: टाकीच्या पट्टीचा एक स्क्रू निवडून त्याच्याभोवतीचा नाण्याएवढा रंग पॉलिशपेपरने घासून चकचकीत धातू उघडा करावा, सांगाड्यावरही तशीच एक जागा करावी, आणि दोन्हींमध्ये गोल टोकाची जाड तार, दातेरी वॉशरसह, घट्ट आवळावी. दातेरी वॉशरचे दात धातूत रुततात, ते रुतल्याची बारीक करकर आवळताना हाताला जाणवते. सांधा आवळल्यानंतरच त्यावर रंग किंवा व्हॅसलीन लावावे, आधी नव्हे. फ्लोटच्या चकतीपासून टाकीपर्यंतची वाट संशयास्पद असेल, तर दुसरी तार थेट चकतीवरूनच घ्यावी. मीटरने चकती आणि बॅटरीचे अर्थचे अग्र यांच्यामधला रोध अर्ध्या ओहमाच्या आत आला की काम पदरात पडले. पेट्रोल भरताना साचणाऱ्या स्थितिक विजेला वाट मिळावी म्हणूनही टाकी सांगाड्याला जोडलेली असणे हितावह आहे, तेव्हा काटा नीट चालत असला तरी ही तार वाया जात नाही.

बॅटरी जोडल्यावर टाकीत एकदम साठ लिटर न ओतता पाच-पाच लिटर ओतावे, दर खेपेस काट्याला स्थिर व्हायला मिनिटभर द्यावे आणि त्याची जागा कागदावर टिपून ठेवावी. नव्या बनावटीचे फ्लोट मूळच्या प्रमाणाशी काटेकोर जुळत नाहीत. काटा सरसकट वर किंवा खाली राहत असेल, तर फ्लोट पुन्हा काढून त्याचा हात किंचित वाकवता येतो. पण हा उपद्व्याप रिकाम्याच्या बाजूसाठीच करावा, कारण शेवटचे चार लिटर उरले असता काटा कोठे असतो हे ठाऊक असणे प्रवासात कामी येते. पूर्णाच्या बाजूला रेघभर फरक राहिला तर राहू द्यावा. कारखान्यातून नव्याकोऱ्या बाहेर पडलेल्या मस्टँगमध्येही तेवढा फरक असेच.