बट्टीचे गोत

सावद्याच्या लेवा घरातल्या लग्नात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी नसेल, तर पाहुणे जेवले असे म्हणवत नाही. ही बट्टी खास आमची, असे आम्ही छाती पुढे काढून सांगतो. सातपुड्यापलीकडचा माळव्याचा पाहुणा मात्र हसतो, ‘हा तर आमचा बाफला!’ राजस्थानी व्याही बाटीचा दाखला देतो. कणीक तीच, रीत निराळी. बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, बाफला उकडून मग भाजतात. आपल्याकडे उकडायची, कापायची आणि तळायची.

आणि भरतातली मिरची? ती मूळची अमेरिकेची. १५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांमार्फत ती इकडे आली. त्याच शतकात ती तुर्कांबरोबर हंगेरीत शिरली. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या, त्यांच्याकडून आलेली लाल पूड, पाप्रिका, आज हंगेरियन माणसाचा अभिमान आहे!

तेव्हा पंगतीत पनीर आले म्हणून आजीबाईंनी नाक मुरडू नये. चव पुढेमागे आपली होईलही. पण बट्ट्या वळायला, कापायला जावा-नणंदा अंगणात जमायच्या, थट्टामस्करीत रात्र सरायची. ते बसणे केटररबरोबर गेले, त्याची हळहळ वाटते.