चित्रकलेचा हात आणि पोटापाण्याची वाट

वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढणारे एक तरी मूल आपल्या प्रत्येक वस्तीत असते. जयंती जवळ आली, मंडळाला फलक रंगवायचा असला की सर्वांना त्याची आठवण होते. विहाराच्या भिंतीवर धम्मचक्र काढायचे असले की त्यालाच बोलावणे जाते. काम झाल्यावर त्याला चहा मिळतो, पाठीवर थाप मिळते आणि घरी गेल्यावर त्याच मुलाला वडील विचारतात, "चित्रे काढून कुठे पोट भरते का रे?"

हा प्रश्न चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. महिन्याच्या पगारावर ज्यांचे घर चालते त्यांनी तो विचारलाच पाहिजे. परंतु बहुतेक घरांत हा प्रश्न विचारून विषय संपविला जातो, उत्तर कोणी शोधीत नाही. आम्ही चित्रकार नाही, बँकेत लेखनिक आहोत. इंटरमिजिएट परीक्षेपर्यंत आम्हीही ब्रश हाती धरला होता, पुढे कला शाखेची पदवी घेतली आणि नोकरीला लागलो. तेव्हा या प्रश्नाची कलेची बाजू आणि हिशेबाची बाजू, दोन्ही येथे थोडक्यात मांडाव्यात असे वाटते.

घरातलेच एक उदाहरण

आमचे मोठे चुलते पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, लग्नाचे फलक, जयंतीच्या मिरवणुकीतील बाबासाहेबांचे चित्र अशी त्यांची कामे असत. सुतळी धरून खडूची रेघ मारायची आणि त्यावर अक्षर असे उतरवायचे की शिरोरेखा केसभरही हलायची नाही. गावाच्या बाजारपेठेतील निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या.

पुढे फ्लेक्सची छपाई आली. दोन दिवसांचे काम यंत्र तासाभरात करू लागले आणि तेही कमी पैशांत. दोन-तीन वर्षांत चुलत्यांचे काम निम्म्यावर आले. संगणक आणि रेडियम कटिंगचे यंत्र घ्यावे म्हणून ते कर्जासाठी आम्ही ज्या शाखेत नुकतेच लागलो होतो तेथे आले. साहेबांनी विचारले, "मागच्या तीन वर्षांचा हिशेब आहे का? बिलबुक? खात्यावरचा व्यवहार?" त्यांच्याजवळ यातले काहीही नव्हते. पंचवीस वर्षे रोखीने काम केले होते आणि रोखीनेच घर चालविले होते. गावभर त्यांची अक्षरे होती, पण त्यांच्या धंद्याचे एक अक्षरही कागदावर नव्हते. कर्ज नामंजूर झाले. आम्ही पलीकडच्याच टेबलावर बसलो होतो आणि काही करू शकलो नाही. ती खंत आजही आहे. हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

चुलत्यांच्या हातात कसब कमी नव्हते. कमी पडल्या त्या दोन गोष्टी: बदलत्या कामाचे शिक्षण आणि व्यवहाराची शिस्त. आजच्या मुलांना या दोन्ही मिळू शकतात.

रेघेचे मोल

चित्रकला म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असा एक समज आहे. भारतीय संविधानाची मूळ प्रत पाहिली की तो समज टिकत नाही. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी जिच्यावर सह्या केल्या ती प्रत छापखान्याच्या खिळ्यांनी जुळविलेली नव्हती. इंग्रजी मजकूर प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिला. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. पानांवरील चित्रे व नक्षी शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांचे विद्यार्थी यांची आहे. उद्देशिकेचे पान जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजविले. सारनाथच्या सिंहस्तंभाचे रेखाटन करणारे दीनानाथ भार्गव तेव्हा ऐन विशीतले विद्यार्थी होते. सिंहाची ठेवण नीट समजावी म्हणून त्यांनी कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंहांचे निरीक्षण केले. आधी पाहणे आणि मग काढणे, हा चित्रकलेचा पहिला धडा येथे दिसतो.

अजिंठ्याचेही तसेच आहे. मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बऱ्याच पुढे लंडनमधील आगीत जळाल्या, पण विद्यार्थ्यांच्या हाताला लागलेले वळण जळाले नाही.

शिक्षणाच्या वाटा

पहिली पायरी शाळेतच आहे. महाराष्ट्र शासनाचे कला संचालनालय एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेते. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांचा सराव त्यातून होतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुणही मिळतात. पण केवळ त्या गुणांसाठी परीक्षा देऊन ब्रश कायमचा ठेवून देणारी मुले फार, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

बारावीनंतर ललित कला व उपयोजित कला यांचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान यांची परीक्षा होते. मुंबईची सर ज. जी. कला शाळा १८५७ सालची. तेथील उपयोजित कलेचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये स्वतंत्र संस्था बनला. २०२३ मध्ये या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. शाळेत कलाशिक्षक व्हायचे असेल त्यांच्यासाठी कलाशिक्षक पदविका आहे. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

ज्यांना वस्तूंची रचना करायची आहे त्यांच्यासाठी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि पवईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक डिझाइन केंद्र आहे. कपड्यांच्या रचनेसाठी निफ्ट, तर इमारतींसाठी पाच वर्षांचा वास्तुकलेचा अभ्यासक्रम आहे. आणि ज्याच्या घराला इतकी वर्षे थांबणे परवडत नाही, त्याने आय.टी.आय.मधील ड्राफ्ट्समन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहावा. सरळ रेघ आणि अचूक माप यांना तेथेही किंमत आहे.

खर्चाचे काय, हा पुढचा प्रश्न. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा आणि कागदपत्रांच्या अटी आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी निकालानंतर न करता बारावीच्या वर्षातच करावी. कागद वेळेवर न मिळाल्याने होणारे नुकसान सर्वांत वाईट, कारण ते टाळता येण्यासारखे असते.

प्रवेश नाकारला गेला म्हणून मात्र खचू नये. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे.मध्ये प्रवेश मिळाला नव्हता. त्यांनी म्हैसूरला दुसऱ्या विषयांत पदवी घेतली, चित्रे काढणे सोडले नाही, आणि १९५१ पासून त्यांचा 'सामान्य माणूस' रोज सकाळी देशभर पोहोचू लागला.

कामे कोठे असतात?

मोठी तैलचित्रे काढून प्रदर्शने भरविणे हा एक मार्ग झाला. तो कठीण आहे आणि त्याला वेळ लागतो. परंतु चित्रे काढणाऱ्याची गरज असलेली इतर ठिकाणे पुष्कळ आहेत. पुस्तकांची मुखपृष्ठे व आतील चित्रे, पाठ्यपुस्तके, जाहिरात, वेष्टने, ॲनिमेशन, संगणकीय खेळ, कापडावरील नक्षी, दागिन्यांचे आराखडे, नाटक-चित्रपटांचे नेपथ्य, वैद्यकीय व शास्त्रीय आकृत्या, अशी यादी लांबविता येईल. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल यांनी मुखपृष्ठांतून नाव मिळविले आणि १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. शि. द. फडणीस यांची शब्दांविना बोलणारी चित्रे दिवाळी अंकांवर झळकली, तशीच शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही आली.

अक्षराचे क्षेत्र तर आमच्या चुलत्यांमुळे आम्हाला विशेष जवळचे वाटते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना अक्षरांतून चेहरा दिला. र. कृ. जोशी यांनी देवनागरीचा 'मंगल' हा संगणकीय टंक घडविला. संगणकावर मराठी वाचणाऱ्या असंख्य लोकांच्या डोळ्यांखालून तो गेला आहे. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पाटीवरचे अक्षर संगणकात गेले, पण त्याला वळण देणारा हात लागलाच.

कामांचा संच

या क्षेत्रात गुणपत्रिकेपेक्षा कामांचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ, अधिक पाहिला जातो. त्यात शंभर चित्रे नकोत. निवडक पंधरा-वीस पुरेत. दुसऱ्याच्या चित्रांच्या नकला त्यात ठेवू नयेत. बाजार, एस.टी. स्थानक, आजीचे हात, स्वयंपाकघरातील भांडी अशी स्वतः पाहून काढलेली रेखाटने ठेवावीत. एखाद्या कामाची पहिली कच्ची रेखाटने आणि शेवटचे चित्र शेजारी शेजारी लावावे, म्हणजे मुलगा विचार कसा करतो हे पाहणाऱ्याला कळते. प्रत्येक चित्रावर तारीख घालावी. रोज एक तास रेखाटन करणाऱ्याच्या वह्या वर्षाअखेर स्वतःच साक्ष देतात.

व्यवहाराची शिस्त

आता आमच्या टेबलावरच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, काम घेताना तोंडी बोलणे झाले तरी चार ओळी लिहून घ्याव्यात: काय करायचे, किती दिवसांत, किती रुपयांत आणि बदल किती वेळा करून द्यायचे. निम्मी रक्कम आगाऊ मागावी. ज्याला आगाऊ रक्कम द्यायची नाही, तो नंतर देईल याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट, दर ठरविताना केवळ कागद-रंगांचा खर्च धरू नये. लागलेले तास, जाण्यायेण्याचे भाडे, विजेचे बिल आणि शिकण्यात गेलेली वर्षे हेही मोजावे.

तिसरी गोष्ट, हक्काची. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार चित्र काढताच त्याचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. सर्वसाधारणपणे तो चित्रकाराचा असतो. मात्र नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क मालकाकडे जातो. तसेच कोणी मोबदला देऊन खास काढून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा.

चौथी गोष्ट, प्रत्येक कामाचे बिल द्यावे आणि पैसे खात्यावर घ्यावेत. रक्कम लहान असली तरी चालेल. थेंबे थेंबे तळे साचते, ते पासबुकात दिसले पाहिजे. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. पण कर्ज मागणाऱ्याचा धंदा खरोखर चालतो, हे बँकेला कागदावरच दिसते.

आमच्या चुलत्यांनी हे उशिरा केले, पण केले. जिल्हा परिषदेच्या शाळांतून 'बोलक्या भिंती' रंगविण्याची कामे निघाली तेव्हा ओळखीच्या गुरुजींनी त्यांना बोलाविले. पाढे, नकाशे, प्राणी, फळे त्यांनी रंगविली. त्या वेळी त्यांनी आमच्याकडून पहिले बिलबुक भरून घेतले आणि पहिला धनादेश आमच्याच शाखेत भरला. रक्कम मोठी नव्हती. पावतीची प्रत मात्र त्यांनी बरेच दिवस खिशात ठेवली होती.

यंत्राची भीती

आता कृत्रिम बुद्धिमत्ता चार शब्दांवरून चित्र काढून देते. मग मुलांनी शिकावे कशाला, असे पालक विचारतात. ही भीती खोटी नाही. साचेबंद, स्वस्त कामे यंत्राकडे जातील, जशी फ्लेक्सकडे गेली. परंतु गिऱ्हाइकाचे ऐकून घेणे, त्याला नेमके काय हवे ते ओळखणे, चूक दिसणे आणि ती सुधारणे, यासाठी पाहायला शिकलेला डोळा लागतो. यंत्राने काढलेल्या हाताला सहा बोटे आली तर ती मोजण्यासाठीही हात कसा असतो ते माहीत हवे! तेव्हा रेखाटन पक्के करावे आणि संगणकही शिकावा.

शेवटी

पालकांना विनंती अशी की, मुलाची आवड एक-दोन वर्षे रोजच्या सरावात टिकते का ते पाहावे आणि टिकली तर पाठीशी उभे राहावे. विद्यार्थ्यांना विनंती अशी की, कलेच्या नावाखाली वेळ व हिशेब यांची हेळसांड करू नये.

आणि आपल्या संस्थेला एक नम्र सूचना. पुढच्या जयंतीला जे मूल फलक रंगवील त्याला चहा द्यावा, शाबासकी द्यावी, आणि त्याच्या कामाचे ठरलेले पैसे पावती घेऊन द्यावेत. त्याच्या संचात ती पहिली पावती राहील. "पोट भरते का?" या प्रश्नाचे पहिले उत्तर त्याला आपल्याच माणसांकडून मिळेल.

जय भीम!